एकेरी पूल

न्यूझीलंडच्या विमानतळावर भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच्या माणसानं विचारलं, चालवणार कोण? आमचे हे छाती काढून म्हणाले, "मी." मी माझं लायसन्स आणि बीडच्या आरटीओतून आणलेलं परदेशात गाडी चालवायचं परमिट हळूच पुढं सरकवलं. माझंही नाव घाला, मी म्हणाले. ह्यांचा चेहरा पडला.

"कशाला? मी हाय की."

परदेशातल्या रस्त्यांची मला भीती नव्हती. तिथंही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनंच चालतात. भीती होती ती ह्यांच्या डोळ्यांची. वर्षभर हे पेपर खिडकीशी नेऊन वाचत होते. गेवराईहून येताना एकदा उसाची ट्रॉली पार तोंडाशी आल्यावर ह्यांनी ब्रेक दाबला. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर, "दिसतंय मला. तू उगं डोकं खाऊ नको." मी रोज बीडहून नांदूरघाटच्या शाळेत स्वतः गाडी चालवत जाते, पण हे सोबत असले की स्टेअरिंग ह्यांचंच. तो मान सोडायला गडी तयार नव्हता.

त्या सहलीत मी एकही तळं धड पाहिलं नाही. डोळे रस्त्यावर आणि पाय माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर. "वळण आलं. सायकलवाला आहे. हळू घ्या."

"मग तूच चालीव, मी कंडक्टर होतो," हे वैतागायचे. गाडी मात्र देत नव्हते.

एका दुपारी अरुंद पूल आला. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. समोरच्याला आधी जाऊ द्या, अशी पाटी होती. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत ह्यांनी दोनदा लाईट मारून गाडी पुलावर घातलीसुद्धा. समोरून लाल गाडीही आत आली. दोघांनी ब्रेक दाबले, हातभर अंतर उरलं.

"मी लाईट दिलता ना? मंग आली कावून ती?"

लाल गाडीतल्या बाईनं गाडी मागं घेतली. आम्ही पलीकडं गेल्यावर काच खाली करून ती शांतपणे म्हणाली, तुम्ही लाईट मारला, मला वाटलं मला या म्हणताय. आपल्याकडं लाईट म्हणजे मी येतोय, तू थांब. त्यांच्याकडं नेमकं उलटं. मला हायसं वाटलं. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता.

"आपली सवय हो," मी म्हणाले. "होतं असं."

ह्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. हात स्टेअरिंगवरच होते.

"सवय न्हाई. ती गाडी मला दिसलीच न्हवती. पाटी बी न्हाई. कुणी असलंच तर थांबंल, म्हणून दिला लाईट."

"आणि घरी?"

"घरी बी लई दिवस तसंच चालवतोय. आपल्याकडं लाईट दिला की समोरचा थांबतो."

दर रविवारी गेवराईहून आमच्या नातीला हे एकटेच गाडीतून घेऊन यायचे.