मी कुठं हजला चाललोय?

माझ्या आजाराचं नाव बोर्ली पंचतनच्या मासळीबाजाराला आधी कळलं, मला सगळ्यांत शेवटी. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेलाय असं दाखवायला मी हे लिहीतही नाही.

मी पंचवीस वर्षं आखातात स्टोअरकीपर होतो. साधा खिळ्यांचा खोका आत यायचा तरी कागद वाचल्याशिवाय माझी सही पडत नसे. गावी परतलो, सुपारीची वाडी बघू लागलो, सिगारेटही सोडली. मग खोकला लागला तो जाईना, आणि एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं. मुलाने नवी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या, पाठीतून सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट आणायला मुलगा आणि बायको दोघंच गेली. परत आली तेव्हा बायकोचे डोळे सुजलेले होते. गाडी लागली, म्हणाली.

"जुना कफ साठून कडक झालाय, अब्बा," मुलगा म्हणाला. "शेक देऊन विरघळवायचा. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार."

संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा माझा चष्मा सापडेना. "गाडीत ऱ्हायला असल," म्हणत मुलाने सहीच्या जागी बोट ठेवलं, आणि मी सही केली.

तुम्ही म्हणाल, जग फिरलेला माणूस इतका भोळा कसा? भोळा नव्हतो. पण माझ्या बायकोने पंचवीस वर्षं पत्रांतून वादळात उडालेलं एकेक कौलसुद्धा खरं कळवलेलं. ती खोटं बोलेल हे डोक्यात शिरत नव्हतं. त्या विभागाबाहेर बाकावर बसलेल्यांत कुणाच्या डोक्यावर केस नसत, कुणाच्या गळ्याला फडकं बांधलेलं. बिचारे, म्हणून मी त्यांच्यासाठी दुआ मागत बसायचो!

पहिल्याच दिवशी माझ्या छातीवर जांभळ्या शाईने फुल्या मारल्या होत्या. रोज कडक टेबलावर हात डोक्यावर घेऊन झोपवायचे आणि त्या फुल्यांवर उजेडाच्या रेघा जुळवायचे. मग सगळे बाहेर जायचे, जाड दार लागायचं आणि मशीन माझ्याभोवती फिरायचं. चटका नाही की दुखणं नाही. "हा कसला शेक? साधी ऊबपण लागत न्हाय," मी मुलाला म्हणालो. "नवीन मशीन हाय, अब्बा," तो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात मात्र घास गिळताना नरड्यात आग व्हायला लागली आणि मी पेजेवर आलो.

आठवडाभर हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत राहायचो, शनिवार-रविवार गावी यायचो आणि माणसं भेटायला यायची. आमच्यात कुणी हजला निघालं की लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणतात, बोललं-चाललं माफ करा. माझ्याकडे येणारेही तेच म्हणू लागले. बांधावरून ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं, तो शेजारीही शहाळी घेऊन दारात उभा राहिला.

"बोल्लो-चाल्लो, माफ कर भाय."

"अरं, मी कुठं हजला चाललोय?" मी हसलो. तो हसला नाही. माणगावहून थोरली बहीण आली, तिनेही तेच म्हटलं आणि रडली. तिचीही मी थट्टा केली. माणूस कायमचा निघतो तेव्हाही ही माफी मागतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते आठवून घ्यायचं नव्हतं.

चौथ्या आठवड्याच्या शनिवारी ईद आली. नमाजेआधी गुसल करायचं, म्हणजे पूर्ण अंघोळ, आणि तीही अशी की अंगाचा तीळभर भाग कोरडा राहता कामा नये. माझ्या फुल्यांवर तर चिकटपट्ट्या लावलेल्या. त्यांच्याखाली पाणी कसं पोचणार? नमाज फुकट जायची. मी पट्ट्या उपटल्या, खोबरेल चोळलं आणि घोसाळ्याच्या चोथ्याने घासून घासून छाती कोरी केली. मशिदीत इमामसाहेबांनी गावातल्या एका आजारी भावासाठी शिफा, म्हणजे आजारातून उतार, मागितली. सगळ्यांत मोठ्याने आमीन मीच म्हणालो. आजूबाजूचे माना खाली घालून बसले होते.

सोमवारी मशीनवरच्या मुलीने माझा सदरा वर केला.

"काका, खुणा कुठे गेल्या?"

"ईद होती. धुतल्या."

ती तापलीच. "अहो, या खुणांवरच सगळा नेम असतो! जरा इकडे-तिकडे झालं तर गाठ राहील बाजूला आणि चांगलं फुप्फुस भाजेल. कॅन्सरची ट्रीटमेंट आहे ही, काका, खेळ नाही!"

"कुठली गाठ?" मी विचारलं.

ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टरही चक्रावले. "तुम्हाला सगळं माहीत आहे, असं तुमच्या मुलाने सांगितलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी फिल्म दाखवली. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. हृदय कमजोर, म्हणून ऑपरेशन झेपणार नव्हतं. किरणं गाठीच्या पेशी मारतात. आसपासच्या चांगल्या पेशींनाही लागतं, पण त्या दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच सावरतात, म्हणून रोज थोडं थोडं द्यायचं. नरड्यातली आग त्यातलीच. गाठ जाईल का, मी विचारलं. "प्रयत्न तोच आहे, खात्री देणार नाही," ते म्हणाले. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी खरं बोलत होतं. मला रडू आलं ते त्याचं.

खोलीवर परतताना गाडीत बायकोने कबूल केलं, सहीच्या दिवशी चष्मा तिच्या पर्समध्ये होता. "तुमी खचलं असतंव," ती म्हणाली.

"खचायचं का न्हाय ते मला ठरवू द्यायचं होतंस," मी म्हणालो. फसवलं गेल्याची लाज रागापेक्षा जास्त जाळत होती. बहीण माफी मागायला आली होती, मलाही तिची मागता आली असती. मी तिची टिंगल करून पाठवली.

नव्याने फुल्या मारण्यात दोन दिवस गेले. घरच्या कुणाशी न बोलता मी उरलेले दिवस पुरे केले. शेवटच्या दिवशी गावी आलो, ओट्यावर बसलो. बायको पेजेची वाटी घेऊन आली.

"झाला ना सगळा?" ती म्हणाली. "आता तरी माफ करा."

माझा राग खरा होता. शिवाय एकदा माफी देऊन टाकली की निघायची तयारी झाली, असं मला वाटत होतं, आणि मला निघायचं नव्हतं.

"मी कुठं हजला चाललोय?" मी म्हणालो.

तिने वाटी खाली ठेवली. डोळ्यांना पदर न लावता, गाडी लागल्याचं न सांगता, ती माझ्यासमोर बसून रडली.