सकाळी साडेसहाला मूल कुठे ठेवायचं?

आमच्या रुग्णालयात रक्त काढणाऱ्या बाईला सगळे सुईबाई म्हणतात. हात इतका हलका, की माणूस "झालं?" विचारेपर्यंत नळीवर चिठ्ठी चिकटलेली असते. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून तिची पाळी सकाळी साडेसहाची. नवरा लांबच्या ट्रकवर. पोरगी दीड वर्षाची, पायाला भिंगरी. सासूने गुडघे धरत वर्षभर सांभाळलं. मग एक दिवस पोरगी उघड्या दारातून जिन्यापर्यंत पोचली, तेव्हा सासूच म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत गं आता. मी उठेपर्यंत ती खाली उतरलेली असते."

पंधरा दिवसांत सोय करा, नाहीतर पाळी सोडा, असं रुग्णालयाने सांगितलं. ती माझ्याकडे आली. माझं शिक्षण सातवी, पण लोकांची अडलेली कामं करून देता देता इथल्या प्रत्येक कचेरीचे जिने मला पाठ झालेत.

पहिलं पाळणाघर बघायला आम्ही न कळवता गेलो, सकाळी अकराला. भिंतीवर ससे, चालकबाई गोडबोली, बावीस मुलं गाढ झोपलेली. मी म्हटलं, "काय शांतता आहे!" सुईबाई पुढे झाली. एका पोराजवळ वाकून तिने तोंडाचा वास घेतला, तळवा चोळला. पोर हललंसुद्धा नाही.

"ताई, बावीस पोरं एका वेळी झोपत नाहीत. घरातली दोन झोपत नाहीत. यांना खोकल्याचं औषध पाजलंय."

"सर्दीचे दिवस आहेत ना," चालकबाई म्हणाली.

"बावीसच्या बाविसांना?"

दुसरं पाळणाघर नऊला उघडायचं. लवकर का नाही, विचारलं तर म्हणे, "आमच्याकडे चांगल्या घरची मुलं येतात." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तिसरं पाळणाघर मावशीचं. याच रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात आया होती, आता निवृत्त. एक खोली, धुतलेली सतरंजी आणि मुलं सहा, सातवं कोणी हातापाया पडलं तरी नाही. "सहाच्या पुढे सांभाळणं होत नाही, नुसती मोजणी होते," म्हणायची. नशिबाने एक जागा नुकतीच रिकामी झालेली. बाकीची पाच म्हणजे बसड्रायव्हरचा मुलगा, बेकरीवाल्याच्या जुळ्या मुली, शाळेत स्वयंपाक करणारीचा नातू आणि एका नर्सची लेक. मावशीचा नियम असा, की पहिला आठवडा आईने सोबत बसायचं, रोज थोडं कमी. जाताना लपून पळायचं नाही. "येते म्हणून सांगायचं. रडू दे. पण आई खोटं बोलत नाही हे त्याला कळू दे."

आठव्या दिवशी पोरगी सतरंजीवरूनच आईला हात हलवून मोकळी झाली. सुईबाई जिन्यात रडली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण ती झोपलेली बावीस पोरं माझ्या डोक्यातून जाईनात. मी तक्रार ठोकली, आणि कागदाला वजन यावं म्हणून लिहिलं, की या भागातल्या सगळ्याच पाळणाघरांची तपासणी करा. तपासनीस आले. सशांच्या घरात संध्याकाळी चारला गेले. मुलं जागी, कागद पूर्ण, आग विझवायचं नळकांडं जागेवर. उत्तम, म्हणाले. मावशीकडे कागद नाही आणि खोलीला दार एकच. सोमवारपासून बंद.

सुईबाई मला एवढंच म्हणाली, "ताई, मला विचारायचं तरी होतंत." मी कधी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

सोमवारी ती मुलीला कडेवर घेऊन कामावर आली. मूल जवळ असताना सुईला हात लावायचा नाही, हा नियम तिचा स्वतःचा. चाळीस माणसं उपाशी उभी. बसड्रायव्हरही मुलापायी घरी अडकला, पहिली बस सुटली नाही, म्हणून आणखी दहा उशिरा येऊन भांडत होती. शेवटी मोठे साहेब खाली आले.

"रांग का थांबलीय?"

"मूल ठेवायला जागा नाही, साहेब."

"हा तुमचा घरगुती प्रश्न आहे."

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "साहेब, काल संध्याकाळपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. हा प्रश्न आता माझाही झालाय."

रांग हसली, मग ओरडायला लागली. मला तोंड उघडायचीही गरज पडली नाही. दुपारपर्यंत चादरी ठेवायची जुनी खोली रिकामी झाली. तिला दोन दारं होती. मावशीलाच बसवायचं ठरलं, पण अट घातली: मुलं फक्त कर्मचाऱ्यांची. म्हणजे सहातली दोन. बाकीची चार रस्त्यावर.

मावशीने खोलीची किल्ली कारकुनाच्या टेबलावर ठेवली. "सहाही येतील, नाहीतर मी येत नाही."

सगळे सुईबाईकडे बघायला लागले. तिच्या मुलीची जागा तर पक्की होती; मावशी नाही तर दुसरी आया आली असती. गप्प राहिली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. तिने कारकुनाकडून पाळणाघराचा अर्ज ओढला आणि अपत्यांची संख्या लिहिली: पाच. नर्सने आपली लेक वेगळी भरली.

कारकून म्हणाला, "बाई, पाच? सगळी तीन वर्षांच्या आतली?"

"हो. त्यात जुळ्या आहेत."

"हे वर गेलं तर तुमची नोकरी जाईल."

"मग वर पाठवू नका."

अर्ज अजून त्याच्या टेबलावर पडून आहे. ना मंजूर, ना नामंजूर. सही होत नाही म्हणून मी रोज जाऊन त्याचं डोकं खाते आणि सही झाली की कागद वर जाईल, या धास्तीने सुईबाई रोज मला अडवते. सहाही मुलं आज त्या खोलीत आहेत. उद्याचं कुणालाच माहीत नाही.