चाळीस ओळी कमी

कडावचा प्रवीण ठोंबरे कामात भलता चोख, आणि हा चोखपणाच त्याच्या अंगाशी आला. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत तो कंप्युटर विभागात आहे. त्याच कंपनीत त्याचे वडील मालोजी छत्तीस वर्षं कंत्राटी कामगार होते, पावडरच्या गोण्या भरत. बापानं जिथं गोण्या भरल्या तिथंच पोरगा एसीत बसतो, याचं मालोजींना कोण कौतुक! टपरीवर कुणी विषय काढायचा अवकाश, की सुरू : "सगळ्या कंपनीचं डोकं आमच्या परवीनच्या हातात हाय."

आता मालोजींना दहा पावलं चाललं तरी धाप लागते. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि ते म्हणाले, पावडरीचंच दुखणं दिसतंय. पण तसं लिहून द्यायचं तर कंपनीतल्या जुन्या तपासण्या आणा, श्वास वर्षागणिक कसा कमी होत गेला ते कळायला हवं. त्या एका कागदासाठी म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. कारण गावाचं तोंड कोण धरणार? लोक म्हणायचे, बिड्या ओढून ओढून छाती जाळून घेतली. अहो, जन्मात बिडीला न शिवलेला माणूस तो! "मेलो तर मेलो रं," मालोजी म्हणायचे, "पन बिडीनं मेला, असं कुनी म्हनाया नको."

"तपासण्या कंपनीतच हायेत, बाबा. उद्या काढून आणतो," प्रवीण म्हणाला.

कंत्राटी कामगारांना दर सहा महिन्यांनी कंपनीच्या दवाखान्यात नळीत फुंकायला लावत आणि आकडा कंप्युटरात टाकत. शेवटच्या वीस वर्षांच्या चाळीस तपासण्या. दुसऱ्या दिवशी प्रवीणनं वडिलांचं नाव टाकलं, कागद निघाला, आणि बघतो तर काय, चाळीसच्या चाळीस आकडे उत्तम! शेवटच्या वर्षीसुद्धा तरण्याताठ्या गड्याला लाजवील असा श्वास. खाली शेरा : छाती निरोगी. त्यानं कागद दोनदा वाचला. मग कोपऱ्यातली कामाची जागा दिसली : बगीचा.

बगीच्यात कामाला होते ते दुसरे मालोजी, वडिलांचे चुलतभाऊ. ठोंबऱ्यांचा आजा वारला त्या साली त्याच्या दोन्ही लेकांच्या घरी मुलगे झाले. आजा कुणाच्या घरी परत आला यावरून भांडण नको, म्हणून दोघांनाही त्याचंच नाव दिलं. घरात एक थोरला मालोजी, म्हणजे प्रवीणचे वडील, आणि एक धाकटा. शाळेत दोघांना एकाच दिवशी घातलं, आणि गुरुजींनी गावातल्या झाडून सगळ्या पोरांना दिली तीच जन्मतारीख यांनाही दिली, एक जून. पुढे कंत्राटदाराच्या कारकुनानं बापाचं नाव लिहायचा कंटाळा केला. झालं! मालोजी ठोंबरे, १ जून १९६२, असे दोन गडी एकाच दवाखान्यात फुंकू लागले.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्याची जुनी मशीन बंद करून त्यातलं सगळं मुख्य ऑफिसच्या मशीनवर न्यायचं ठरलं. काम प्रवीणकडे आलं आणि त्यासाठी एक सॉफ्टवेअर आणलं. इकडच्या प्रत्येक ओळीची, म्हणजे एकेका तपासणीची, नक्कल ते तिकडे उमटवायचं. नक्कल कोणत्या साच्यात उमटावी, हे सांगणारा छोटा प्रोग्राम नमुना म्हणून सोबत येतो. तो आपल्या कामाप्रमाणे बदलायचा आणि कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला समजेल असा करून घ्यायचा. नमुन्यात माणूस ओळखायचा तो कामगार क्रमांकावरून. पण कंत्राटदार बदलला की गड्याचा क्रमांकही बदलतो, हे कामगाराच्या पोराला ठाऊक होतं. त्यानं मोठ्या हुशारीनं ओळ बदलली : नाव आणि जन्मतारीख सारखी तर माणूस एकच, त्याच्या एका दिवसात दोन तपासण्या आल्या तर नंतरची ठेवायची. कंपाइल केलं, एकही चूक निघाली नाही. दवाखान्याच्या रांगेत धाकटे मालोजी कायम थोरल्याच्या मागं उभे राहायचे.

शेवटी दोन्हीकडच्या ओळींची जुळणी केली तेव्हा नव्या मशीनवर चाळीस ओळी कमी भरल्या. 'दुबार नोंदी वगळल्या,' असं प्रवीणनं अहवालात लिहिलं आणि खाली सही ठोकली. विभागाच्या अनुपम साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. जुनी मशीन पुसून भंगारात गेली. अरे, चाळीसच ओळी होत्या, एकदा उघडून नावं तरी वाचायचीस! ज्याच्या घरात दोन मालोजी, त्यानंच असं करावं?

त्या दुपारी प्रवीण जेवला नाही. प्रोग्राममध्ये त्यानं कामाच्या जागेचीही अट घातली आणि पुन्हा कंपाइल केलं. आता दोन मालोजी दोन झाले असते, पण थोरल्याचं तिकडे न्यायला काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी मालोजी ओटीवर वाट बघत बसले होते. शेजारी प्रवीणची आई, अंबाबाई, वाल सोलत होती.

"गावला रं कागद?"

थाप मारता आली असती. पण प्रवीण उंबऱ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. अंबाबाईचे हात थांबले.

"म्हंजी त्या कागदावर धाकट्याचा दम हाय," मालोजी हळूहळू म्हणाले. "माजा नाय."

"तुमचा पुसला गेला, बाबा. मीच पुसला."

"पन मी फुंकलं व्हतं रं. दर टायमाला फुंकलं. धाकट्याच्या आदी."

प्रवीणला रडू आवरेना. चाळिशीचा बाप्या, पण लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "उद्या साहेबांना सांगतो," तो म्हणाला. "लिहून देतो, चूक माझी हाय. मग डॉक्टरपण ऐकतील."

"नोकरीवरून काडतील ना तुला?"



मालोजींनी खोकल्याची उबळ जाईपर्यंत खांब धरून ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला, धाकट्याचा तो कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"कुटं काय बोलू नको," ते म्हणाले. "कुनी इचारलंच तर सांग, म्हातारा बिड्या वडायचा."