उरलेल्या स्टेकची कोशिंबीर

यमुनामावशी आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये दहा वर्षं होती आणि त्या दहा वर्षांत तिनं तिथला एक घासही खाल्ला नव्हता. इंग्लंडात स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधलं आमचं गोदाम, मी तिथं फोर्कलिफ्ट चालवायचो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दीडशे माणसं चिप्सवर तुटून पडायचो, तेव्हा ही बाई मागच्या खोलीत पालथ्या क्रेटवर बसून घरचा डबा खायची. का, म्हणून मी एकदा विचारलं. "मिलिंद, तू तुझं काम बघ," म्हणाली. मग मी माझं काम बघितलं.

२००५ साली मुख्य आचारी कॉलिन निवृत्त व्हायचा होता. माझ्या जागी यमुनालाच घ्या, असं त्यानं मॅनेजर सँड्राला सांगून टाकलं. सँड्राला एजन्सीचा माणूस हवा होता. शेवटी तिनं पंधरा दिवस दिले. मावशीनं किचन चालवून दाखवायचं, आणि अन्न वाया घालवायचं नाही. मावशी त्रेपन्न वर्षांची, भांडी घासण्यापासून सुरुवात केलेली. ती जागा तिला हवी होती, पण कबूल करेल तर शपथ. तिनं कँटीनचा ॲप्रन घरी नेऊन कडक इस्त्री करून आणला, तेव्हाच मी ओळखलं.

गुरुवार स्टेकचा, म्हणजे गोमांसाच्या भाजलेल्या जाड कापांचा. पहिल्याच गुरुवारी लॉऱ्या आल्या नाहीत म्हणून एक अख्खी शिफ्ट घरी पाठवली, आणि भाजलेले वीस स्टेक ट्रेमध्ये तसेच राहिले. "फ्रिजमध्ये ठेव, उद्या सॅलड कर," एवढं सांगून कॉलिन गेला. शुक्रवारी सकाळी फ्रिज रिकामा. मावशीनं सगळेच्या सगळे कचऱ्याच्या बिनमध्ये टाकले होते! कॉलिननं कपाळावर हात मारला. पुन्हा असं झालं तर विषय संपला, असं सँड्रानं शांतपणे सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी मावशीला गाडीनं घरी सोडलं आणि वाटेत माझं डोकं फिरलं. "मावशी, वीस स्टेक! आर यू सीरियस? सगळा चान्स गेला असता!"

"मी कुणाला उरलेलं वाढणार नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

घरी तिची आई होती, भीमाबाई. ऐंशीची म्हातारी, पण आवाज खणखणीत. चहा पिता पिता मी सगळं सांगून टाकलं. तेव्हा भीमाबाईंकडून मला कळलं. गावात लग्न असलं की यमुनामावशीचे वडील टोप घेऊन मांडवामागं उभे राहायचे. जेवणं उरकली की पत्रावळींतलं उष्टं त्या टोपात पडायचं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ते परत आले आणि पहिलं काम काय केलं, तर तो टोप दगडानं ठेचला. मावशी तेव्हा चार वर्षांची होती. तो आवाज तिला अजून आठवतो. त्या दिवसापासून या घरात उरलेलं कुणी खाल्लं नाही, कुणाला दिलं नाही. रोज मोजकं शिजायचं आणि त्याच दिवशी संपायचं. गाईचं की बकऱ्याचं, हा प्रश्न त्या घरात कधी नव्हताच.

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. भीमाबाई मात्र लेकीकडे रोखून बघत होत्या.

"कुणाच्या ताटातलं व्हतं का गं ते?"

"नाही."

"कुणी तुझ्याम्होरं फेकलं व्हतं?"

"नाही, आई. मीच भाजलेलं."

"मग? तुझ्या बानं मांडवामागं उभं राहणं सोडलं. तू अजून मागच्या खोलीत बसून जेवतीस. पहिलं ताट तू घे, समद्यांच्या मधी बसून खा. तुला गोड लागलं तर लोकांना दे."

पुढच्या गुरुवारी अकरा स्टेक उरले. मावशीनं ते झाकून फ्रिजमध्ये ठेवले. शुक्रवारी मी मुद्दाम लवकर जाऊन किचनच्या दारात उभा राहिलो. तिनं स्टेक पातळ कापले, मांसाच्या धाग्याच्या आडवे, म्हणजे चावताना त्रास नको. पुन्हा गरम केले नाहीत. लाल कांदा, काकडी, टोमॅटो, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. लिंबाचा रस, तेल, चमचाभर इंग्लिश मस्टर्ड, भाजून कुटलेलं जिरं, बारीक हिरवी मिरची. लेट्यूस आणि कोथिंबीर अगदी शेवटी. नाव सॅलड, पण हात कोशिंबिरीचा. फळ्यावर तिनं स्वतः लिहिलं: "कालच्या स्टेकचं सॅलड". कालचं लिहू नकोस, असं कॉलिन म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

साडेबाराला ती पहिली प्लेट घेऊन बाहेर आली. दीडशे माणसांच्या मधल्या टेबलावर बसली, ॲप्रनसकट, आणि काटा उचलला. ती सावकाश चावत होती. अर्धी प्लेट संपल्यावर तिनं मान वर केली, काउंटरवरच्या पोरीला खूण केली, "दे." एक वाजेपर्यंत ट्रे साफ. सँड्रा उशिरा आली, तिला नुसतं लेट्यूस मिळालं. एजन्सीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही आणि सोमवारी मावशीच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं.

त्या आनंदात मावशीनं मला रविवारी जेवायला बोलावलं. तिनं शनिवारीच दुकानातून स्टेक आणून, भाजून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले होते. त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी मुद्दाम उरवलं होतं. भीमाबाईंनी एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ घोळवला. मावशी ताटाला हात न लावता त्यांच्याकडे बघत होती. म्हातारीनं आख्खी प्लेट संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि वाडग्यात राहिलेल्या सॅलडवर स्वतःच्या हातानं झाकण ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "उद्या खाईन."