शनिवारचा पेशंट

पहिने गाव मागे टाकलं तेव्हा प्रतिभा मॅडम तिसऱ्यांदा दगडावर टेकल्या. श्रावणातला तिसरा सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी. माणसं 'बम बम भोले' म्हणत बाजूनं पुढे जात होती.

"चप्पल चावते गं," मॅडम म्हणाल्या. चप्पल तर सकाळपासून त्यांच्या पिशवीत होती.

मॅडम नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, मी तिथंच ओपीडीच्या खिडकीत केसपेपर काढायचे. पंच्याण्णव साली त्यांनी कळवण, हरसूलकडच्या मराठी शाळांतून आलेल्या पोरांसाठी इंग्रजीचा कोर्स तयार केला. पहिला प्रयत्न साफ फसला. हजार शब्दांची यादी पाठ करून घेतली, पण शरीराचे इंग्रजी शब्द पोरांना आधीच येत होते. अडायचं वॉर्डात. म्हातारी सांगायची, "छातीवर पाटा ठेवल्यागत व्हतंय. जेवल्यावर नाय, चढ चढताना." आणि पोरगा मोठ्या डॉक्टरांपुढे इंग्रजीत एवढंच म्हणायचा, छातीत दुखतं. बाकीचं भीतीनं गिळायचा.

मग मॅडम महिनाभर माझ्या खिडकीशी स्टूल टाकून बसल्या, लोक बोलतात ते उतरवत. यादी फाडून टाकली. दर शनिवारी मला वर्गात खुर्चीवर बसवायच्या. मी पेशंट. पोरांनी मराठीत विचारायचं, माझे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि मग इंग्रजीत सांगायचं, काहीही न गाळता. अकरा वर्षांत मला न झालेला आजार नाही.

"सगुणाबाई, आज काय काढलंय?" पोरं विचारायची.

"तुझी परीक्षा," मी म्हणायचे.

कळवणचा जीवन पहिल्या बॅचचा, सगळ्यांत मुका. आता गंगापूर रोडला हृदयाचा डॉक्टर आहे.

पुढे चढ लागला. मॅडम परत थांबल्या, हात छातीवर.

"मॅडम, चप्पल छातीला चावते का?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने झाले. पाटाच."

"जीवनला दाखवलं नाही?"

"गेले होते की. 'काय होतंय मॅडम' म्हणाला, तर मी ॲसिडिटी सांगितली. तीही इंग्रजीत, झोकात. ईसीजी काढू म्हणाला, तर हसून उठले. त्याच्यासमोर मला पेशंट होताच येईना."

मी मनातल्या मनात त्र्यंबकराजाला हात जोडले. फेरी अर्धी राहिली तर देव रागावणार नाही. खालच्या रस्त्यावर जीप दिसली, तिला हात करायला निघाले, तर मॅडमनी माझा पदर धरला.

"थेट जीवनकडेच जाऊ, सगुणा. खुर्चीवर मी बसते. सांगायचं मात्र तू. आणि एकही गोष्ट गाळू नकोस."