जंजिरा नाशकात पडला

अकोल्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर जंजिरा होता. साखरेच्या वड्यांचा, बुरूज-तोफांसकट. लेकीच्या रुखवतासाठी माझी बायको सुमन दिवाळीपासून तो रचत होती. लग्न आठवड्यावर आलेलं आणि कार्यालय नागपुरात. विहीणबाई साखरपुड्यात सहज बोलून गेल्या होत्या, "रुखवत विकतचं आणलंत तरी चालेल हो." ते सुमनला लागलं होतं. किल्ला धडधाकट पोचावा म्हणून त्याच्या मापाची पेटी आम्ही नाशिकच्या एका पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात करायला सांगितली आणि नीट बसते का ते बघायला किल्लाच घेऊन निघालो. इतक्या लांब तो पेटीवाचून पोचणार असेल तर पेटी कशाला, असं मी विचारलं. सुमनने किल्ला माझ्या मांडीवर नीट सरकवला.

नाशिक रोडला रिक्षावाला म्हणाला, "गणपती हे का?"

"किल्ला आहे," मी म्हणालो. पुढे प्रत्येक गतिरोधकावर तो मागे वळून बघत होता.

सातपूरला कारखान्याच्या शेडमध्ये 'रोटो'चं काम (साचा भट्टीत फिरवून पोकळ वस्तू घडवणं) चाललं होतं. लोखंडी साच्यात प्लास्टिकची पूड ओतली, साचा भट्टीत गेला आणि आडवा-उभा गरगरू लागला.

"पातेल्याला आतून तूप फिरवतात तसंच की," सुमन म्हणाली.

तिथले फोरमन सायखेडा गावचे, ते खूश झाले. "बरोबर, मावशी. पूड वितळून आतून चिकटत जाती. कुठं जोड नाय."

साचा निवला, पिवळी पेटी निघाली, कापून झाकण झालं. फोरमन पुढच्या साच्याकडे वळले. सुमनने किल्ला आत ठेवला. तो असा बसला की तिचा चेहरा खुलला. कड्या लावून तिने लांबूनच हाक दिली, "भाऊ, पेटी हलवू नका हं." मग आम्ही गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो. काळ्या मसाल्याच्या रश्शाने माझ्या कानांतून वाफा निघाल्या. सुमनने तो दोनदा मागितला.

परत आलो तर पेटीच्या हवेच्या भोकात पाण्याची नळी होती.

"टाकी असो का पेटी, पाणी भरून बघितल्याबिगर आपण माल सोडत नाय," फोरमन म्हणाले. "तुम्ही हलवू नका म्हणालात, म्हणून जागेवरच भरली."

झाकण उघडलं. कुठल्याही आरमाराला दाद न देणारा जंजिरा नळीच्या पाण्याने पडला होता. फोरमन मटकन स्टुलावर बसले. सुमनने बोट बुडवून चाखलं.

"पाणी पिण्याचं आहे ना?"

"पिण्याचंच हे, मावशी."

"मग लिंबं आणा."

सगळी शेड सरबत प्यायली. दुसरा पेला संपवून फोरमन खालच्या मानेने म्हणाले, "गळत मात्र नाय."

स्टेशनवर सुमन रडली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता. मला तिची फार माया आली. मी पेटीच पुसत राहिलो.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "पेटीत काय आहे हो?"

मी तोंड उघडण्याआधी सुमन म्हणाली, "साखरेचा जंजिरा. लेकीच्या रुखवताचा."

"बघू तरी."

"नको. हवा लागली की साखर पाझरते. मांडवातसुद्धा बंदच ठेवणार आहे."

बाईंनी पाय वर घेतले. कोणीतरी आपली बॅग काढून पेटीला जागा दिली. अकोल्याला दोन अनोळखी माणसं ती उतरवायला पुढे झाली. "सावकाश, सावकाश, बुरूज सांभाळा," असं कोणीतरी सारखं ओरडत होतं. तो मीच होतो.