गाडीचे दिवे बघून या

“चिरंजीव, गाडीचे दिवे चालू राहिलेत का, जरा बघून या,” असं म्हणत सिस्टर अंबाड्यात खोचलेलं पेन काढायच्या आणि पेनानंच दार दाखवायच्या. आमच्या गाडीचे दिवे आपले आपणच विझतात. तरी शिकागोच्या उपनगरातल्या त्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, भर थंडीत, मी दोनदा दिवे बघून आलो. आपल्याला बाहेर काढतायत, हे तिसऱ्या वेळी कळलं. इंजिनिअर माणूस, वेळ लागतो.

सिस्टर मूळच्या सांगलीच्या. आमच्या आयांना मावशी म्हणायच्या, आम्हाला चिरंजीव. मी बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला चिरंजीव.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या एकदा म्हाताऱ्यांच्या छळावर बोलल्या होत्या. पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात मान मी हलवली होती. “काय एकेक लोक असतात हो!” असंही म्हणालो. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि पेढा घेतला.

आईचं बीपी त्या दोनदा घ्यायच्या. एकदा मी खोलीत असताना, एकदा मी दिव्यांकडे गेल्यावर.

“दुसऱ्यांदा कमी कसं येतं?” मी विचारलं.

“मशीन जुनं आहे,” त्या म्हणाल्या. मशीन नवंकोरं होतं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे: “घरात कोण कोणाला सांभाळतं?” पहिल्या भेटीत मी आईच्या आधी उत्तर दिलं होतं, “आम्हीच सांभाळतो की आईला.” ते त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, “तुम्हाला नव्हतं विचारलं.”

त्या तिसऱ्या खेपेनंतर परत येताना गाडीत मी आईला म्हटलं, “काय एवढं बोलत होतीस?”

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तिनं विचारलं, कोण कोणाला सांभाळतं. म्हटलं, मी सांभाळते. दोन नातवंडं, स्वयंपाक, वॉशिंग मशीन. खोटं कशाला बोलू?”

“आणि?”

“आणि पासपोर्ट तू सांभाळतोस.”

पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये होता. हरवू नये म्हणून, असं मी सगळ्यांना सांगे. आईची धाकटी बहीण मिरजेला अंथरुणाला खिळली होती. आई जाते म्हणाली की मी म्हणे, मुलांची सुट्टी होऊ दे. अशा तीन सुट्ट्या झाल्या. बसनं डेव्हनच्या देशी बाजारात जाऊन कढीपत्ता आणते म्हणाली तर मी म्हणे, हरवशील. मी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. फक्त सांभाळून ठेवलं, पासपोर्टला आणि आईलाही.

दुसऱ्या दिवशी लॉकर उघडला. आई मिरजेला पोचली तेव्हा तिची बहीण माणसं ओळखायच्या पलीकडे गेली होती. आई तिच्याजवळ अकरा दिवस बसली. परत आल्यावर तिनं आधी वॉशिंग मशीन लावलं. मला रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

सिस्टरांची त्या वर्षी वेगळीच खटपट चालली होती. राज्याच्या समितीपुढे जाऊन त्या एक नियम मागत होत्या: म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारा, त्याच्या भाषेत विचारा, आणि दुभाष्या घरचा नको. “ज्याच्याबद्दल विचारायचं तोच भाषांतर करतो,” त्या म्हणायच्या. “मग सगळ्याच आया सुखी निघतात.”

मी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहितो म्हणून प्रश्नांचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘आपल्या संचारस्वातंत्र्यावर निर्बंध आहेत काय?’ त्यांनी ते खोडून वर लिहिलं, ‘बाहेर जायला कुणाला विचारावं लागतं का?’ आणि मला म्हणाल्या, “समितीपुढे येता का? नर्सचं भाषण ऐकताना ते घड्याळ बघतात. एखादा मुलगा स्वतःचं बोलला तर ऐकतील.”

मी हो म्हटलं. दोन पानं लिहिलीसुद्धा. मग मनात आलं, हे मंडळातल्या कुणी ऐकलं तर? आदल्या दिवशी मेसेज केला: ऑफिसमध्ये मीटिंग आली, कॅन्सल करतोय, सॉरी. मीटिंग वगैरे काही नव्हतं.

त्यांचं उत्तर आलं: “बरं. मावशींना नमस्कार.” साडेतीन तास एकट्या ड्राइव्ह करून गेल्या.

नियमाचं घोडं अजून कागदांतच अडलंय. पण त्यांच्या दवाखान्यानं मात्र दुभाष्यांची फोनलाइन घेतली. पुढच्याच वर्षी सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे दूर गेल्या. निरोपाला मंडळातले सगळे होते. मी अंकाच्या कामात होतो, असं सांगितलं.

परवा आईला घेऊन गेलो. नवी नर्स अमेरिकन, हसरी. मला म्हणाली, “तुम्हीच भाषांतर करा ना, पटकन होईल.”

“नको, फोन लावा,” मी म्हटलं आणि उठलो.

आईनं विचारलं, “कुठं चाललास?”

“गाडीचे दिवे बघून येतो.”

आई मान खाली घालून हसली की काय, कळलं नाही. दार ओढून घेतलं. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. गाडी अंधारी उभी होती. मी तरी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.